चपलांची रांग आणि एक जुना डूख

फेब्रुवारी सरत आला की आमच्या दिंडोरी रोडला दोन प्रकारच्या गाड्या वाढतात. द्राक्षाचे क्रेट भरून निघालेल्या पिकअप, आणि दहावीच्या पोरांना मागे बसवून क्लासला सोडायला निघालेल्या आईबापांच्या स्कूटी. दोन्ही घाईत असतात, आणि दोन्हींवरचा माल नाजूक असतो. माझ्या क्लासच्या खिडकीतून हा रस्ता दिसतो. पिकअप गेली की मागे थोडा वेळ गोडसर, किंचित आंबूस वास रेंगाळतो. त्या वासानं इतरांना काय आठवत असेल ते असो, मला भास्कर सर आठवतात आणि माझं डोकं तापतं.

आधीच सांगून टाकते, मी माफ करणाऱ्यांतली बाई नाही. हल्ली जो तो सांगत सुटलाय की मनात राग ठेवू नका, तब्येतीला बरं नसतं. माझी तब्येत ठणठणीत आहे. पंचवीसएक वर्षं मी एका माणसावर डूख धरून आहे आणि मला त्याचा काडीचाही त्रास झालेला नाही. उलट पहाटे उठायला त्याचाच उपयोग झाला. ‘फर्गिव्ह’ला ‘नेस’ लावलं की काय होतं ते मी दर वर्षी पोरांना शिकवते. मला त्याचं स्पेलिंग येतं, उच्चार येतो. बाकी त्यातलं काही येत नाही.

भास्कर सर आमच्याच गावचे. गावात त्यांना भास्कर मास्तर म्हणत. ते शिकले, नाशिक रोडला हायस्कुलात लागले, तिथंच एका कॉलनीत त्यांनी बंगला बांधला आणि त्या बंगल्याच्या हॉलमध्ये रविवारी दहावीचा इंग्रजीचा क्लास सुरू केला. क्लास नावाजलेला होता. गावाकडच्या पोरांकडून ते फी घेत नसत. सीझनला द्राक्षाची एक पेटी घरपोच आली की झालं. आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, याचं फार अप्रूप. “मास्तरानं गाव सोडलं, पण गावाची माया नाय सोडली,” असं ते पारावर सांगायचे. मी दहावीला गेले तेव्हा दिवाळी झाल्या झाल्या नानांनी मला सरांच्या पुढ्यात नेऊन उभं केलं.

दर रविवारी पहिल्या एसटीनं दिंडोरीहून निघायचं, नाशकात गाडी बदलायची, आणि नाशिक रोडला उतरून कॉलनीपर्यंत चालत जायचं. कॉलनीतली पोरं आंघोळ करून, पावडर लावून क्लासला बसलेली असायची. माझ्या हातांना मात्र बागेचा रंग असायचा. छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, औषधाची पेस्ट लावावी लागते, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. त्या पेस्टमध्ये लाल रंग कालवलेला असतो, कुठला डोळा लावायचा राहिला ते कळावं म्हणून. आमच्या शेवटच्या तुकड्याची छाटणी त्या वर्षी उशिरा झाली होती. हातमोजे घालूनही मनगटापर्यंत रंग चढायचा आणि तो पुढचे कितीतरी दिवस जायचा नाही. शेजारी बसणारी मुलगी माझ्या हाताकडे बघून आपली वही जराशी तिकडे सरकवायची.

सर शिकवायचे फळ्यावर. मधोमध पांढऱ्या खडूनं मूळ शब्द लिहायचे. त्याच्या पुढे लागणारा उपसर्ग गुलाबी खडूनं, मागून लागणारा प्रत्यय पिवळ्यानं. अक्षर असं सुंदर की पुसायला जीव होऊ नये. खरं ते खरं, माणसाचं अक्षर मोत्यासारखं होतं. मग ते एकेकाकडे बोट करून शब्द फेकायचे. “हॅपी?” की त्यानं म्हणायचं, “अनहॅपी, हॅपीनेस.” “केअर?” की “केअरफुल, केअरलेस.” चुकलं की सर मारत नसत. त्यांची पद्धत वेगळी होती. ते फक्त दाराकडे हात करायचे आणि म्हणायचे, “बाहेर. चपला लाव.”

बाहेर व्हरांडा. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा नाही, त्यामुळे दहानंतर फरशी तापायला लागायची. तिथं साऱ्या क्लासच्या चपला-बूट पडलेले. ते जोडीजोडीनं जुळवायचे, भिंतीला टाचा लावून सरळ रांगेत मांडायचे, मग जाळीच्या दारापाशी येऊन विचारायचं, “लावल्या. येऊ का आत?” आणि आतून सर मान न वळवता म्हणायचे, “थांब जरा.”

पहिल्याच रविवारी त्यांनी मला विचारलं, “पॉसिबल?”

‘अन’ लावलं की उलटा अर्थ होतो एवढं नुकतंच कळलं होतं. मी मोठ्या उमेदीनं म्हटलं, “अनपॉसिबल!”

सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, साऱ्या वर्गाकडे बघितलं आणि म्हणाले, “ऐकलंत? आमच्या गावचं हे नवं इंग्रजी.” मग वर्ग हसला. तेव्हापासून त्या हॉलमध्ये मला वैशाली कुणी म्हटलं नाही. ‘ए अनपॉसिबल, सरक की’, ‘अनपॉसिबल आली का रे?’ सरांनीही हजेरीला एकदोनदा तेच नाव घेतलं आणि चष्म्यावरून बघून मिस्कील हसले.

त्या शिक्षेतली मेख मला फार उशिरा कळली. जो चुकला तो बाहेर. तो बाहेर असतो तेव्हा आत पुढचा धडा होऊन जातो. मग त्याला तो येत नाही, म्हणून तो पुन्हा बाहेर. एकदा बाहेर गेलेल्यानं बाहेरच राहायचं, अशी ती सोय होती. काही रविवारी मी आल्याबरोबर फार तर एक शब्द ऐकायची आणि उरलेला सगळा वेळ चपलांजवळ. कुणाची कुठली, डोळे मिटून सांगितली असती. कॅनव्हासचे पांढरे बूट, बकलवाल्या सँडल, एकाचे रबराच्या वासाचे नवेकोरे स्पोर्ट शूज. आणि कडेला माझी, अंगठ्याचा पट्टा सेफ्टी पिनेनं अडकवलेली, तळाला बागेची माती. माझीच चप्पल सरळ लावताना मला सगळ्यात जास्त लाज वाटायची, आणि त्या लाजेचा राग यायचा. मी घरी काही सांगितलं नाही. नाना रोज जेवताना विचारायचे, “मास्तर बरं शिकवत्यात ना?” मी म्हणायची, हो.

आमचा एक तुकडा लवकरच्या छाटणीचा होता. त्याची द्राक्षं जानेवारी संपता संपता गोड झाली. पहिली पेटी देवाला, दुसरी मास्तरला, हा नानांचा नेम. घरात आम्ही कधी अख्खा घड खाल्ला नाही. घरी यायचे ते गळालेले, तडकलेले मणी, ते आई टोपलीत धुऊन द्यायची. चांगला माल व्यापाऱ्याचा आणि त्यातला निवडक सरांचा. त्या रविवारी नाना स्वतः पेटी डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर नाशिक रोडला आले. क्लास सुटल्यावर सरांनी आम्हाला थांबवून घेतलं.

नाना दिवाणाच्या कडेला टेकले होते. त्यांना ऐसपैस बसायची सवय, पण त्या हॉलमध्ये ते नेहमी कडेलाच बसायचे. घरी बैलानं सुद्धा दचकावं असा त्यांचा आवाज, तो सरांपुढे एकदम मऊ व्हायचा. सरांनी पेटीवरचा कागद बाजूला केला, एक घड उचलला आणि एकेक मणी तोडून तोंडात टाकत बोलायला लागले.

“रंगनाथ, वाईट वाटून घेऊ नको. पोरगी गुणाची आहे.” एक मणी. “पण इंग्रजी हिच्या डोक्यात शिरायचं नाही. मी इतकी पोरं पाहिली, मला कळतं.” आणखी एक. “उगाच कॉलेजबिलेजच्या भानगडीत पडू नको. बागेत हाताखाली घे, आणि चांगलंसं स्थळ बघून ठेव. यंदा गोडी काय आलीय रे!”

मी दारात उभी होते. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, “मास्तर, तुमी म्हणताय म्हंजे तसंच असंल.”

परतीच्या एसटीत नाना खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता बोलतील, आता मास्तरला चार शिव्या हासडतील. ओझर मागे पडलं असेल नसेल तेवढ्या वेळानं ते म्हणाले, “मास्तरला खोटं बोलून काय मिळायचंय? आपल्या गावचा माणूस हाय.”

“परीक्षा?” मी विचारलं.

“परीक्षा दे की. फारम भरलाय. पण इंग्रजी गेलं तर पुढं नाय, सांगून ठिवतो. मंग घरी.”

आता एसटीचा मार्ग सांगताना मी ओझर म्हटलं खरं, पण दिंडोरीच्या वाटेवर ओझर लागतच नाही. त्या दिवशी आम्ही चुकीच्या गाडीत बसलो होतो. नानांसारखा माणूस, ज्याला तालुक्यातल्या गाड्या तोंडपाठ, तो पाटी न बघता पिंपळगावच्या गाडीत चढला होता आणि मीही मुकाट त्यांच्यामागे चढले होते. गर्दीतून कंडक्टर उशिरा आमच्यापर्यंत आला, त्यानं तिकीट मागितलं तेव्हा कळलं. आम्ही उतरून रस्त्याच्या कडेला कितीतरी वेळ उभे होतो. नानांना त्या शब्दांनी काय झालं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मला त्या चुकलेल्या गाडीवरून कळलं. म्हणून नानांवर माझा राग नाही. सगळा राग मी एकाच जागी ठेवला.

माझा क्लास बंद झाला. सीझन सुरू झाला. पहाटे तोडणी, आणि उन्हं चढायच्या आत माल शेडमध्ये. पॅकिंगच्या शेडला हिरवी जाळी बांधलेली असायची, त्यामुळे आतल्या साऱ्यांचे चेहरे हिरवट दिसायचे. आम्ही बायका ओळीनं बसायचो. डाव्या हातानं घड देठाला धरायचा, उजव्या हातातल्या बारीक कात्रीनं आतले तडकलेले, बारके, सडके मणी काढायचे. मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर त्यावरची पांढरी झाक पुसते आणि माल शिळा दिसतो. मी शाळेच्या लायब्ररीतून एक जुनं व्याकरण आणलं होतं. ते क्रेटवर उघडं ठेवायचं, वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून वर दुसरी एक कात्री ठेवायची, आणि घड हातात फिरवत शब्द पुटपुटायचे.

माझ्या शेजारी चंद्राबाई बसायची. पेठ तालुक्याकडून दर सीझनला कुटुंबासकट यायची, बागेच्या कडेला खोपटं करून राहायची. दोनचार दिवस तिनं माझी पुटपुट ऐकली आणि मग म्हणाली, “काय गं बडबडतीस? मंत्र हाय का शिव्या?”

मी तिला समजावून सांगितलं. मधे एक शब्द असतो. त्याला पुढून काही लागतं, मागून काही लागतं, आणि अर्थ बदलतो.

चंद्राबाईनं घड उन्हाकडे धरून पाहिला. “म्हंजे माणूस तोच. टोपी घातली का उलटं बोलतो, शेपूट लावली का येगळं काम करतो.”

“तसंच.”

“मंग यात शिकायचं काय? आमच्याकडं इलेक्शनात दिसतं की!”

शेडभर हसू पिकलं. त्या दिवसापासून उपसर्गाचं नाव टोपी आणि प्रत्ययाचं शेपूट. ती मला मधेच विचारायची, “आज किती जणांना टोप्या घातल्या गं?” माझे शब्द पाठ व्हायला लागले ते असे, हसत हसत. पण पक्के बसले ते रागानं. मी प्रत्येक शब्दासाठी सरांना समोर उभं करायची. हार्टलेस, सर. अनफेअर, सर. अनकाइंड, इनह्युमन, मर्सिलेस, सर, सर, सर. कात्री चालायची आणि सडका मणी खाली पडायचा. एक ‘डिसऑनेस्ट’ तेवढा त्यांना लागू पडेना, कारण माणूस लबाड नव्हता. जे बोलला ते त्याला खरंच वाटत होतं. म्हणून तो एक शब्द मला कितीतरी दिवस नीट पाठ झाला नाही.

आणि त्या शेडमध्येच एक दिवस ‘इम्पॉसिबल’चं कोडं सुटलं. सरांनी मला बाहेर काढलं होतं, पण चूक काय झाली ते कधी सांगितलं नव्हतं. पुस्तकात ‘इन’च्या शब्दांची रांग होती. मी ‘इन-पॉसिबल’ असं भरभर म्हणायला लागले आणि लक्षात आलं, ‘प’साठी ओठ मिटतात, म्हणून आधीचा ‘न’ आपोआप ‘म’ होतो. ‘र’ समोर आला की तोच ‘इर’ होतो, इररेग्युलर. ‘ल’ समोर आला की ‘इल’, इल्लीगल. टोपी एकच, पण समोर कोण उभा आहे ते बघून ती आपलं रूप बदलते. मला नाना आठवले, दिवाणाच्या कडेला टेकलेले, मऊ आवाजातले. मी घड खाली ठेवला आणि तोंड फिरवून रडले. चंद्राबाईला वाटलं, कात्री लागली. तिनं माझं बोट तपासून पाहिलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली. म्हणाली, “डोकं हाय तुला. मास्तरला दिसंना, त्याला आपन काय करावं?” बस, एवढंच. पेपरात शब्द बदलण्याचा प्रश्न आला होता. तो बघून मला जो आनंद झाला तो शुद्ध सुडाचा होता, त्याला दुसरं नाव देणार नाही. मी एकेका शब्दाला अशी टोपी घातली, अशी शेपूट लावली की सारे मार्क तिथेच मिळावेत.

निकाल लागला. सरांच्या क्लासातल्या पावडर लावणाऱ्या बहुतेकांच्या मी पुढे होते. नानांनी पेढे घेतले आणि मला घेऊन पहिले कुठे गेले, तर नाशिक रोडला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी म्हणेल. चुकलो म्हणेल, निदान शाब्बास म्हणेल. सरांनी पेढा तोंडात टाकला, मार्कलिस्ट बघितली आणि नानांना म्हणाले, “लागला म्हणायचा मटका.”

तो पेढा त्यांच्या घशात का अडकला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. नाशकात कॉलेज, बी.ए., बी.एड., लग्न, दिंडोरी रोडला हा दोन खोल्यांचा क्लास. शिकवण्याच्या पद्धती मी बदलत राहिले, पण एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला. माझ्या क्लासबाहेर चपला लावायच्या नाहीत. कुणीही नाही. माझ्या व्हरांड्यात चपलांचा नुसता ढीग असतो, उलट्यापालट्या, एकावर एक. पालक नाकं मुरडतात. एका बाईंनी शिस्तीविषयी बोलून दाखवलं, तेव्हा मी म्हटलं, शिस्त आत आहे, बाहेर पायताणं आहेत. तो ढीग बघितला की मला बरं वाटतं. क्लास सुटल्यावर आपापली चप्पल शोधताना पोरांचा जो गोंधळ होतो, तो मला गोड लागतो.

यंदा जानेवारीत, क्लास सुरू व्हायच्या वेळेला, एक रिक्षा येऊन थांबली. आतून आधी काठी आली, मग भास्कर सर, मग एक किडकिडीत मुलगी. सर वाळले होते, पण शर्टाची इस्त्री तशीच आणि चष्म्यावरून बघणं तेच. मुलीच्या हातात द्राक्षाची पेटी होती. रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेतलेली, मण्यांवरची झाक पुसलेली. मी बागायतदाराची मुलगी, मला ते लांबूनच दिसलं.

“ओळखलंस का?” ते म्हणाले. “ही माझी नात, ईश्वरी. दहावीला आहे. इंग्रजी कच्चं आहे. मी शिकवून पाहिलं, पण माझ्याच्यानं आता होत नाही. सूनबाई म्हणाल्या, तुझ्याकडे आणा.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. साऱ्या नाशिक रोडला इंग्रजी शिकवलेल्या माणसाची नात इंग्रजीत कच्ची. मला आतून गुदगुल्या होत होत्या, लपवणार नाही.

तोवर पोरांना सोडायला आलेले पालक जमले होते. सर काठीवर जोर देऊन त्यांच्याकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, “या मॅडम माझ्या विद्यार्थिनी बरं का! माझ्या हाताखालून गेलेल्या. चपला लावायला लावायचो मी हिला. तेव्हा कुठं घडली.”

माझ्या कानशिलाला चटका बसला. मी विचारलं, “सर, नानांना तुम्ही काय सांगितलं होतं, आठवतं का?”

“काय बरं?”

“इंग्रजी हिच्या डोक्यात शिरायचं नाही. बागेत घाला, स्थळ बघा.”

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग हसले. “अगं, असं म्हटलं की पोरं पेटून उठतात. ती माझी पद्धतच होती!”

पालकांनी कौतुकानं माना डोलावल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माझ्या पहाटा, माझी कात्री, माझा इतक्या वर्षांचा राग, सगळं या माणसानं बघता बघता आपल्या सातबाऱ्यावर चढवून घेतलं. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, कितीतरी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. त्यांनीच आणलेल्या पेटीतला एकेक मणी खात खात म्हणायचं होतं: सर, वाईट वाटून घेऊ नका, पोरगी गुणाची आहे, पण इंग्रजी हिच्या डोक्यात शिरायचं नाही. ते वाक्य जिभेवर आलं होतं.

आणि मी मुलीकडे पाहिलं. ती दारापाशी खाली बसली होती आणि माझ्या ढिगातल्या चपला जोडीजोडीनं जुळवत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

“हे काय करतेस गं?”

ती दचकून उभी राहिली. “सवय आहे मॅडम. घरी चुकलं की आबा शू-रॅक लावायला लावतात.”

ते वाक्य मी गिळलं. दयेनं नव्हे. ते सरांचं वाक्य होतं, आणि मी बोलले असते तर त्यांच्याच वतीनं बोलले असते. मी तिच्या हातातली चप्पल काढून परत ढिगात फेकली आणि म्हटलं, “आत जाऊन बस. पहिल्या रांगेत.” मग सरांना म्हटलं, “आत जागा नाही हो सर. तुम्हाला बाहेर बसावं लागेल.”

आत जागा होती.

तेव्हापासून दर रविवारी सर नातीला घेऊन यायचे आणि क्लास सुटेपर्यंत व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, चपलांच्या ढिगाशेजारी, जाळीच्या दाराबाहेर. माझ्या दारालाही जाळी आहे. पंखा आत आहे. दहानंतर तिथंही ऊन येतं. त्यांना पाणी मी वेळच्या वेळी पाठवत होते, तेवढं नानांनी शिकवलंय. पण आत या म्हटलं नाही.

ईश्वरी हुशार निघाली. नुसती घाबरलेली होती. बोट केलं की तिचं लक्ष आधी दाराकडे जायचं आणि मग उत्तराकडे. महिनाभरात ते कमी झालं. टोपी आणि शेपटीवर ती खूप हसली, आणि चंद्राबाई कोण हे तिनं मला दोनदा विचारलं.

परवाचा रविवार परीक्षेआधीचा शेवटचा. रस्त्यावरून पिकअपवर पिकअप जात होत्या, वास खोलीभर होता. उजळणी चालली होती. मी फळ्यावर मधोमध लिहिलं, ‘पॉसिबल’. आणि ईश्वरीकडे बोट केलं.

ती गडबडली. “अनपॉसिबल,” म्हणाली.

मी काही बोलायच्या आत जाळीबाहेरून आवाज आला. म्हातारा झालेला, पण त्याच चालीचा. “चूक! बाहेर ये. चपला लाव.”

ईश्वरी उभी राहिली. तिचे पाय खरोखर दाराकडे वळले होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“बस. चूक काय झाली ते आत बसून कळतं.” मग मी दाराकडे न बघता, पण बाहेर नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “चपला लावायला बाहेर माणूस आहे.”

कुणी हसलं नाही. मी पोरांना ‘प’साठी ओठ कसे मिटतात ते दाखवत होते, आणि सारी पोरं ‘इन-पॉसिबल, इम्पॉसिबल’ करत ओठांचे चंबू करत होती. ईश्वरीही करत होती. मग बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काठी भिंतीला टेकवल्याचा. आणि मग फरशीवर रबर घासल्याचा, थोडं थांबून पुन्हा, एकेका जोडीचा. मी उठून पाहिलं नाही. मला पाहायची गरज नव्हती, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. टाचा भिंतीला लागल्या की तो थांबतो.

त्यांना सगळं आठवून ते वाकले, की नुसती जित्याची खोड, ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ऊन व्हरांड्यात पुरतं आलं होतं. शेवटची जोडी लागल्याचं मला कळलं. जाळीवर सावली पडली.

“लावल्या,” बाहेरून आवाज आला. “येऊ का आत?”

ईश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात खडू होता. मी फळ्याकडे वळले आणि मान न वळवता म्हटलं, “थांबा जरा.”